कार्लेखिंडीतले रूपांतर

रूपांतर म्हटले की मराठीच्या अध्यापकाला गोविंद बल्लाळ देवलांचे 'झुंझारराव' आठवते. मोटारगाडी आठवत नाही. तरीही रूपांतराची एक लक्षणीय कथा अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत घडली आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने ती जरूर पाहावी.

मूळ संहिता इंग्लंडची. कॉलिन चॅपमन या अभियंत्याने १९५७ साली 'लोटस सेव्हन' ही दोन आसनांची उघडी गाडी काढली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, पुढच्या चाकांवर सुटे मडगार्ड आणि एकूण वजन पाचशे किलोंच्या आसपास. जे गाळता येईल ते गाळायचे, हाच तिचा अलंकार. ती बहुधा सुट्या भागांत विकली जाई, कारण तयार गाडीवरचा खरेदी कर सुट्या भागांवर नसे. जोडणीची पुस्तिका दिली तर ही सवलत जाते, म्हणून कंपनी गाडी 'सुटी करण्याची' पुस्तिका देई आणि गिऱ्हाईक ती उलटी वाची, असे सांगतात. (पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हा दाखला उपयोगी पडावा.) १९७३ साली ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर आला आणि ही पळवाट बुजली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या विक्रेत्यांकडे गेले, आणि त्यांनी ती परंपरा चालू ठेवली.

त्या काळात आपल्याकडे काय होते? कुर्ल्याला वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती. तेथून निघणारी फियाट १९७४ साली 'पद्मिनी' झाली, पण नाव बदलले तरी रूप जवळजवळ तेच राहिले. परवानाराज्यात मोटार म्हणजे कुटुंबाचे किंवा टॅक्सीचे वाहन. केवळ चालवण्याच्या आनंदासाठी मोटार, ही कल्पना त्या व्यवस्थेत बसतच नव्हती.

ती जागा २००३च्या सुमारास चिंकारा मोटर्सने भरायचा प्रयत्न केला. शमा आणि गुइडो बोथे यांच्या या छोट्या कारखान्याने कार्लेखिंडीत 'रोडस्टर १.८ एस' बांधली. आकार सरळसरळ सेव्हनचा, अंग फायबरग्लासचे. नक्कल म्हणून तिला हिणवणे सोपे आहे. पण बॉनेट उघडले की प्रश्न गुंतागुंतीचा होतो. आत इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आहे, त्याच घराण्यातले, जे हिंदुस्तान मोटर्सने काँटेसात आणि पुढे ॲम्बॅसेडरमध्ये बसवले. ॲम्बॅसेडर स्वतः मॉरिस ऑक्सफर्डचे भारतीय रूप; तिचा जन्मही १९५७-५८चाच. म्हणजे एकाच सुमारास इंग्लंडातून निघालेल्या दोन परंपरा, एक सरकारी कचेरीच्या आवारातली आणि एक शर्यतीच्या मैदानावरची, पंचेचाळीस वर्षांनी रायगड जिल्ह्यात, एका जपानी इंजिनाच्या मध्यस्थीने, एकत्र आल्या! देवलांनी ऑथेल्लोला मराठी बोलायला लावले, तेव्हा संहितेचा सांगाडा राहिला आणि श्वास इथला झाला. रोडस्टरबद्दलही मला तेच म्हणावेसे वाटते. नक्कल मूळ कृतीची खूण लपवते. रूपांतर ती उघड मिरवते आणि चालते मात्र आपल्या बळावर.

अशा गाड्या मुळातच थोड्या बनल्या आणि ज्या आहेत त्या फारशा धावलेल्या नसतात. संग्राहक मीटरवरच्या कमी आकड्याचे कौतुक करतात. मला ते पाने न कापलेल्या पुस्तकाच्या कौतुकासारखे वाटते. अर्थात न धावण्याची कारणे केवळ हौशी नाहीत. मुंबईच्या उपनगरांत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि ही गाडी उघडी. लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपर ते मुलुंड जाताना शेजारच्या बसचे चाक चालकाच्या डोक्याच्या उंचीवर येते. गतिरोधकांचे तर बोलायलाच नको.

पण उभ्या गाडीचेही नुकसान होतेच. टाकीतले पेट्रोल चिकट होते, रबरी सील वाळून चिरतात, ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते आणि खाऱ्या हवेत सांगाड्याच्या नळ्या गंजतात. ॲम्बॅसेडर २०१४ साली बंद झाली. तिच्या इंजिनाची नस ओळखणारे मिस्त्रीही आता दुर्मिळ होत चालले आहेत. म्हणून ज्याच्याकडे ही गाडी आहे त्याने आकड्याची फिकीर सोडून, पाऊस नसलेल्या एखाद्या रविवारी पहाटे ती मुलुंडवरून ठाण्याच्या दिशेने फिरवून आणावी.