सुरतेच्या मंडपातील चिठ्ठी

मोताळ्याच्या शेतकरी बंधूंनो, गुरुजनहो, ग्रामसभेत चार माणसे एकदम बोलू लागली की अध्यक्षाची काय त्रेधा उडते, हे आपण जाणताच. मोठमोठ्यांच्या सभेतही असे झाले आहे.

१९०७ सालची काँग्रेस खरे तर नागपुरास भरायची. पण तिथला जहाल-मवाळांचा तंटा पाहून ती सुरतेला नेली. भांडण मात्र पाठोपाठ गेलेच! २६ डिसेंबरला गोंगाटापायी सुरेंद्रनाथ बॅनर्जींचे भाषण बंद पडले. दुसऱ्या दिवशी, अध्यक्षनिवडीच्या वेळी आपल्याला बोलायचे आहे, अशी चिठ्ठी लोकमान्य टिळकांनी स्वागताध्यक्ष मालवींकडे धाडली. उत्तर आले नाही. रासबिहारी घोष अध्यक्ष म्हणून भाषणास उभे राहिले, तसे टिळक व्यासपीठावर गेले. बोलणे नियमाबाहेरचे ठरवले, तरी टिळक हाताची घडी घालून उभेच! इतक्यात एक जोडा भिरभिरत आला, तो सुरेंद्रनाथांना व फिरोजशहा मेहतांना लागला. खुर्च्या उडाल्या. अखेर पोलिसांनी मंडप रिकामा केला. दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र यायला १९१६ सालची लखनौची काँग्रेस उजाडली.

कोण बरोबर, हा वाद राहू द्या. पण चिठ्ठीला तिथल्या तिथे 'हो' किंवा 'नाही' मिळाले असते, तर? जोडा कदाचित पायातच राहिला असता. नुसती घंटा वाजवून सभा आवरत नाही. आपली पाळी येणार, हा बोलणाऱ्याला भरवसा लागतो. आणि पाळी संपली की खाली बसायची सवयही. गुरुजी, ती सवय वर्गातच लागते, नाही का?