खानेसुमारीचे यंत्र आणि भाडेकरू सरकार

सरकारी खात्यात आकडेवारीचे काम शिकलेली तरुण मंडळी दोनचार वर्षांत खासगी कंपनीची वाट धरतात, ही तक्रार डेटा सायन्सच्या निमित्ताने आज पुन्हा ऐकू येते. तिचा रोख बहुतेक वेळा जाणाऱ्यावर असतो: सरकारने घडवले आणि याने पगारासाठी पाठ फिरवली. या वाटेने फार आधी गेलेला आणि फार दूरवर पोहोचलेला माणूस म्हणजे अमेरिकेचा हर्मन हॉलरिथ. त्याची हकीगत तपशिलात पाहिली की तो रोख बदलावा लागतो. माणूस गेल्याने खात्याचे फारसे बिघडले नाही. बिघडले ते खात्याने स्वतःपाशी काहीच राखून न ठेवल्यामुळे.

कोलंबियाच्या खनिकर्म शाळेतून १८७९ मध्ये पदवी घेतल्यावर हॉलरिथ आपल्या प्राध्यापकांच्या, ट्रोब्रिज यांच्या मागोमाग १८८० च्या खानेसुमारीत दाखल झाला. कारखान्यांत वाफेची आणि पाण्याची शक्ती किती वापरली जाते याची आकडेवारी त्याच्याकडे होती. जन्ममृत्यूच्या आकडेवारीचा भार डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांच्यावर होता. तक्ते भरण्याचे हे निव्वळ यांत्रिक काम यंत्राने करायला हवे, ही कल्पना त्यांची. गरज तर उघडच होती. पाच कोटींच्या नोंदी कारकून हाताने खुणा करून मोजत होते, आणि ते काम पुढच्या खानेसुमारीच्या उंबरठ्यापर्यंत लांबले. हॉलरिथने बिलिंग्जना भागीदारी देऊ केली. प्रश्न सुटला म्हणजे झाले, यापलीकडे त्यांना रस नव्हता. पुढे हॉलरिथ मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशाळेत शिकवायला गेला. १८८० ची खानेसुमारी चालवणारे वॉकर तिथे अध्यक्ष झाले होते. त्यानंतर काही महिने तो सरकारच्याच पेटंट कार्यालयात होता. म्हणजे प्रश्न खानेसुमारीत मिळाला आणि उत्तरावर मालकी कशी बसवायची हे पेटंट कार्यालयात कळले. १८८४ मध्ये ती नोकरी सोडून त्याने आपल्या मोजणीयंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. यंत्राची पहिली परीक्षा झाली तीही बाल्टिमोर शहराच्या मृत्युनोंदींवर, १८८६ मध्ये.

१८८९ मध्ये खानेसुमारी खात्याने तीन पद्धतींची स्पर्धा लावली. सेंट लुइसमधल्या काही भागांच्या जुन्या नोंदी सगळ्यांना दिल्या. कार्डांवर भोके पाडून नोंदी उतरवायला हॉलरिथला साडेबहात्तर तास लागले, इतरांना शंभराच्या वर. तक्ते करायला त्याला साडेपाच तास लागले, प्रतिस्पर्ध्यांना चव्वेचाळीस आणि पंचावन्न. निकालाबद्दल वाद नव्हता. करार मात्र विकतचा झाला नाही, भाड्याचा झाला: दर यंत्रामागे वर्षाला हजार डॉलर. १८९० मध्ये सव्वासहा कोटींहून अधिक माणसे त्यावर मोजली गेली. यंत्र हॉलरिथचे, दुरुस्ती हॉलरिथची, आणि काम संपले की सगळे त्याच्या कोठारात परत. सरकारने हे का मान्य केले, याचे उत्तर खात्याच्या रचनेत आहे. अमेरिकेत तेव्हा कायमचे खानेसुमारी खातेच नव्हते. दर दहा वर्षांनी ते उभारायचे, हजारो कारकून भरायचे आणि काम आटोपले की घरी पाठवायचे. यंत्र विकत घेऊन ठेवणार कोण, आणि ते चालवणारा माणूस पुढच्या दशकापर्यंत सांभाळणार कोण? जे खाते स्वतःच हंगामी, ते यंत्राचे भाडेकरूच होणार.

यावर एक आक्षेप भक्कम आहे. खासगी गिऱ्हाइके मिळाली नसती तर दोन खानेसुमाऱ्यांच्या मधल्या काळात हे तंत्रच मेले असते. हे खरे आहे. १८९६ मध्ये हॉलरिथने कंपनी काढली आणि न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या मालवाहतुकीचे हिशेब तिच्याकडे आले. रेल्वेला नुसती मोजणी नको होती, बेरीज हवी होती. म्हणून बेरीज करणारी यंत्रे झाली आणि तीच १९०० च्या शेतीगणनेत उपयोगी पडली. धंद्याने सरकारला काही परत दिलेच नाही असे म्हणणारा माणूस ही यंत्रे विसरतो. जोखीमही हॉलरिथने स्वतःचे आणि नातलगांचे पैसे घालूनच घेतली. पण यातून एवढेच ठरते की त्याने जाणे योग्य होते. सरकारने कोणत्या अटींवर व्यवहार करावा, हा प्रश्न तसाच उरतो. एक बाब तर जरा खटकणारीच आहे. १८८९ मध्ये खात्याचे प्रमुख असलेले रॉबर्ट पोर्टर पुढे ब्रिटनमध्ये याच यंत्रांची कंपनी उभी करताना दिसतात. त्या कंपनीच्या वाट्याला कॅनडा सोडून सारे ब्रिटिश साम्राज्य आले, आणि त्यात हिंदुस्थानही होता. आपल्याकडे १९०१ ची खानेसुमारी मात्र माणशी एक चिठ्ठी करून, चिठ्ठ्यांचे हाताने गठ्ठे लावून पार पडली. जिथे कारकून स्वस्त होते तिथे यंत्राची घाई नव्हती.

१९०२ मध्ये अमेरिकेचे खाते कायम झाले आणि लगेच भाड्याचा दर खुपू लागला. नवे प्रमुख नॉर्थ उलट वाटेने, लोकर कारखानदारांच्या संघटनेतून, सरकारात आले होते. घासाघीस त्यांना ठाऊक होती. हॉलरिथ नमला नाही, आणि १९०५ मध्ये त्याची भाड्याची यंत्रे खात्यातून गेली. त्याच साली संसदेने चाळीस हजार डॉलर मंजूर केले आणि खात्याने स्वतःची कार्यशाळा काढली. १९०७ मध्ये तिथे जेम्स पॉवर्स हा रशियातून आलेला यंत्रज्ञ नेमला गेला. सरकारी कार्यशाळेतून काही निपजत नाही, हा दुसरा आक्षेप इथे लंगडा पडतो: पॉवर्सची भोके पाडणारी यंत्रे १९१० च्या खानेसुमारीत वापरली गेली. खात्याकडे राहिलेल्या आपल्या जुन्या यंत्रांत फेरफार केल्याबद्दल हॉलरिथने खात्याला कोर्टात खेचले, तरी गणना थांबली नाही. आणि मग खात्याने वीस वर्षांपूर्वीचीच चूक जास्त ठळकपणे केली. या वेळी पगार सरकारचा, हत्यारे सरकारची, जागा सरकारची. तरीही पेटंटे पॉवर्सची. १९११ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. त्याच वर्षी हॉलरिथने आपली विकली. तिच्या विलीनीकरणातून झालेल्या कंपनीचे नाव १९२४ मध्ये आयबीएम झाले. पॉवर्सची कंपनी रेमिंग्टन रँडमध्ये गेली, आणि १९५१ मध्ये खानेसुमारी खात्याने युनिव्हॅक हा संगणक घेतला तो त्याच रेमिंग्टन रँडकडून. एका खात्यातून बाहेर पडलेल्या दोन माणसांच्या धंद्यांनी पुढची कित्येक दशके त्या खात्यालाच गिऱ्हाईक करून ठेवले.

यावर कोणी म्हणेल की पेटंटाचा हक्क दिला नसता तर पॉवर्स आलाच नसता. शक्य आहे. पण हक्क त्याच्याकडे ठेवूनही खात्याला कायमचा, विनामोबदला वापर मागता आला असता, आणि यंत्रे दुरुस्त करणारी माणसे पदरी राखता आली असती. भाड्याच्या पद्धतीची मुळे किती खोल गेली ते १९३६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या आयबीएमच्या खटल्यात दिसते. आयबीएमची यंत्रे भाड्याने घेणाऱ्याने कार्डेही तिचीच वापरावीत, अशी अट होती. न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. सवलत एका गिऱ्हाइकाला आधीपासूनच होती. अमेरिकेचे सरकार आपली कार्डे आपण छापू शकत असे, मात्र त्यासाठी त्याला यंत्राचे भाडे पंधरा टक्के जास्त भरावे लागे.