ग्राही लूप अँटेना (निम्न वारंवारता)

ग्राही लूप अँटेना हा चौकोनी अथवा गोल चौकटीवर तारेचे एक किंवा अनेक वेढे गुंडाळून तयार केलेला, केवळ रेडिओ संदेश ग्रहण करण्यासाठी वापरला जाणारा अँटेना होय. त्याचा आकार तरंगलांबीच्या तुलनेत अत्यंत लहान असतो. हौशी रेडिओमध्ये निम्न वारंवारतेच्या पट्ट्यांवर त्याचा विशेष उपयोग होतो. मीरा-भाईंदरसारख्या दाट वस्तीच्या शहरात त्याचे महत्त्व संदेश प्रबळ करण्यात नसून नको असलेला गोंगाट वगळण्यात आहे.

वारंवारता पट्टे

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जागतिक रेडिओ परिषदांनी हौशी सेवेसाठी २००७ मध्ये १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ आणि २०१२ मध्ये ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ हे पट्टे दुय्यम स्वरूपात उपलब्ध केले. तरंगलांबीनुसार ते अनुक्रमे २२०० मीटर व ६३० मीटर पट्टे म्हणून ओळखले जातात. यांपैकी दुसरा पट्टा काटेकोर वर्गीकरणानुसार मध्यम वारंवारतेत मोडतो. भारतात हौशी प्रेषणासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना आवश्यक असतो.

१३७ किलोहर्ट्झवर पाव तरंगलांबीचा उभा अँटेना सुमारे ५४७ मीटर उंच असावा लागेल. इमारतीच्या गच्चीवर किंवा सज्जात ते अशक्य असल्याने लहान लूप हा व्यवहार्य पर्याय ठरतो.

कार्यतत्त्व

रेडिओ तरंगातील बदलते चुंबकीय क्षेत्र वेढ्यांमधून जाताना फॅरेडेच्या नियमानुसार तारेत विद्युतदाब निर्माण होतो. हा दाब वेढ्यांची संख्या, लूपचे क्षेत्रफळ व वारंवारता यांच्या प्रमाणात असतो. एक मीटर बाजूच्या, २० वेढ्यांच्या चौकोनी लूपची परिणामी उंची १३७ किलोहर्ट्झवर केवळ सहा सेंटिमीटरच्या आसपास भरते.

इतका अल्प दाब पुरेसा ठरतो, कारण या पट्ट्यांवर विजांमुळे निर्माण होणारा वातावरणीय गोंगाट व मानवनिर्मित गोंगाट हे ग्राहीच्या अंतर्गत गोंगाटापेक्षा सामान्यतः बरेच मोठे असतात. अँटेना मोठा केल्यास संदेश आणि गोंगाट दोन्ही सारखेच वाढतात. म्हणून दोहोंचे गुणोत्तर सुधारणे हे मुख्य उद्दिष्ट असते.

रचना

वरील लूपचे प्रवर्तकत्व, वेढ्यांतील अंतरानुसार, साधारण १.२ मिलिहेन्री असते. त्याला सुमारे ११०० पिकोफॅरडचे धारित्र समांतर जोडल्यास १३७ किलोहर्ट्झवर अनुस्पंदन साधते. मंडलाचा गुणवत्ता घटक १०० असल्यास त्याची पट्टरुंदी १.४ किलोहर्ट्झच्या जवळपास राहते व लगतची प्रबळ केंद्रे क्षीण होतात. लूपजवळ विवर्धक बसवला जातो. चौकटीसाठी लाकूड किंवा प्लास्टिकचा पाइप वापरतात. खाडी आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत तांबे व सांधे लवकर गंजतात, त्यामुळे विद्युतरोधक लेप दिलेली तार आणि बंद पेटी उपयुक्त ठरते.

दिशिकता व स्थानिक उपयोग

लूपची ग्रहणक्षमता इंग्रजी आठच्या आकड्यासारखी असते. लूपच्या प्रतलाच्या दिशेने येणारा संदेश सर्वाधिक, तर प्रतलाला लंब दिशेने येणारा जवळजवळ शून्य मिळतो. कमाल ग्रहणाची दिशा पसरट असते, शून्याची दिशा मात्र अतिशय तीक्ष्ण असते. शून्यापासून ४५ अंश दूर असलेला संदेश केवळ ३ डेसिबलने घटतो.

आकाशवाणीच्या मुंबई केंद्राची मालाड येथील मध्यम लहरी प्रेषण व्यवस्था ५५८ व १०४४ किलोहर्ट्झसाठी ओळखली जाते. मालाड हे मीरा-भाईंदरच्या दक्षिणेस जेमतेम १०-१५ किलोमीटरवर आहे. अशा प्रबळ प्रेषणाने ४७५ किलोहर्ट्झच्या आसपास ऐकणाऱ्या ग्राहीचा विवर्धक भारावून जाऊ शकतो. लूपचे प्रतल पूर्व-पश्चिम ठेवल्यास मालाडचा संदेश शून्यात जातो, तर वायव्येकडील युरोपातून येणाऱ्या संदेशात सुमारे ३ डेसिबलचीच घट होते.

अतिनिम्न वारंवारतेसाठी बनवलेल्या लूपच्या चाचणीकरिता तमिळनाडूतील विजयनारायणम येथील नौदल केंद्राचा १८.२ किलोहर्ट्झवरील संदेश उपयोगी पडतो. हे केंद्र मुंबईच्या दक्षिण-आग्नेयेस आहे.

गोंगाट आणि मर्यादा

एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, उद्वाहने, सौर इन्व्हर्टर तसेच पश्चिम रेल्वेचा २५,००० व्होल्टचा विद्युत मार्ग हे शहरातील गोंगाटाचे संभाव्य स्रोत आहेत. मुंबईला हा प्रश्न नवा नाही. शहरात विद्युत ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेतील भूचुंबकीय मोजणी विसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागला हलवण्यात आली.

एकाच दिशेचा गोंगाट लूप फिरवून दाबता येतो, अनेक दिशांनी येणारा मात्र नाही. संदेश व गोंगाट एकाच दिशेने येत असल्यास लूपची जागा बदलणे हाच उपाय उरतो. विद्युत क्षेत्रातून येणारा गोंगाट कवचित लूपमुळे कमी होतो. केबलच्या बाह्य जाळीवरून येणारा गोंगाट शून्य बिघडवतो, त्यासाठी केबलवर फेराइट गाभे बसवतात. सळ्यांचे काँक्रीट आणि रात्री आयनांबरावरून परावर्तित होणारे तरंग यांमुळेही शून्य उथळ होते.

पावसाळ्याच्या आगेमागे विजांचा कडकडाट वाढल्याने ग्रहण कठीण होते. हिवाळ्यातील रात्री तुलनेने अनुकूल असतात. गच्चीवरील लूप वादळाच्या वेळी ग्राहीपासून वेगळा करणे आणि विद्युत तारांपासून दूर उभारणे आवश्यक असते.