होळीच्या दुसऱ्या दिवशी धोतर कोठून आणायचे? स्वदेशीच्या खरेदीचा इतिहास
#थ्रेड #इतिहास

१/ ऑक्टोबर १९०५. वंगभंगाच्या निषेधार्थ पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तिचे वर्णन बहुतेकांनी वाचलेले असते. मात्र दुसऱ्या दिवशी नवे धोतर कोठून आणायचे, हा त्या काळच्या सामान्य ग्राहकापुढचा खरा प्रश्न होता.

२/ हा प्रश्न पुण्याला नवा नव्हता. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी १८७२ मध्येच स्वदेशीचे व्रत घेतले होते. १८७७ च्या दिल्ली दरबारात ते खादीच्या साध्या वेषात हजर राहिले. स्वदेशी मालाची दुकाने निघावीत म्हणूनही ते झटले. एका माणसाचे व्रत पाळले गेले. सर्वांनी ते पाळावे, तर बाजाराची साथ हवी होती.

३/ पहिली अडचण किमतीची. लँकेशायरचे यंत्रावरचे कापड स्वस्त पडे. त्यात १८९६ मध्ये सरकारने आयात कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवली आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच उत्पादनकर बसवला. जकातीमुळे देशी मालाला जो थोडा आधार मिळाला असता, तो या कराने काढून घेतला. हा कर १९२५ च्या अखेरपर्यंत चालू होता.

४/ दुसरी अडचण मालाची. मुंबईच्या गिरण्या मुख्यतः जाडे सूत काढीत आणि त्यातले पुष्कळसे चीनला जाई. तलम धोतर-साडीच्या बाबतीत लँकेशायरचे वर्चस्व होते. १९०५ नंतर मागणी एकदम वाढली, तेव्हा देशी कापडाचे भाव चढले आणि गिरणीमालकांवर नफेखोरीची टीका झाली.

५/ तिसरी अडचण व्याख्येची. गिरणी मुंबईची, पण यंत्रे इंग्लंडची. हातमाग गावातला, पण त्यावरचे तलम सूत अनेकदा परदेशी. मग स्वदेशी कशाला म्हणायचे? मालक, मजूर, कापूस की यंत्र, यांपैकी कशावरून ठरवायचे? दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला याचे सोपे उत्तर मिळत नसे.

६/ झळ सर्वांना सारखी बसली नाही. महाग स्वदेशी घेणे सुखवस्तू घराला जमे. हातावर पोट असलेल्याला एकेक आणा मोजावा लागे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या १९१६ च्या ‘घरे बाइरे’ या कादंबरीत बहिष्काराखाली भरडला जाणारा गरीब विक्रेता येतो, तो याच वास्तवातून.

७/ उत्तरे शोधली गेली. खात्रीचा माल एका छताखाली मिळावा म्हणून मुंबईत स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स निघाले. टिळकांचा त्यात पुढाकार होता. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली: प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्यातून उद्योग उभा राहावा. या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. जपान व अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे काचकामाची घडी बसवली.

८/ गांधीयुगात खादीची मागणी वाढली, तशी बनावट खादीही आली. गिरणीचे जाडेभरडे कापड ‘खादी’ म्हणून विकले जाऊ लागले. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाला दुकाने प्रमाणित करावी लागली. सद्भावनेने खरेदी करणाऱ्यालाही पारख करून देणारी संस्था लागतेच.

९/ १२ डिसेंबर १९३०. मुंबईच्या काळबादेवी रस्त्यावर विदेशी कापड वाहून नेणारी लॉरी अडवताना गिरणी कामगार बाबू गेनू यांनी प्राण दिले. ते आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. पुण्याच्या होळीला २५ वर्षे उलटली होती, तरी परदेशी कापड बाजारात येतच होते, कारण ते विकलेही जात होते.

१०/ म्हणून स्वदेशीचा इतिहास केवळ होळीच्या ज्वाळांत शोधू नये. तो दुकानाच्या हिशेबवहीत, सुताच्या जाडीत आणि तळेगावच्या भट्टीतही आहे. ग्राहकाचा निर्धार ही सुरुवात होती. परवडणारा, टिकाऊ आणि खात्रीचा माल बनवणारे हात उभे राहिले, तेथेच तो निर्धार टिकला.