कोंकणची आगबोट आणि गिरणगांवचे सण



परळ-लालबागच्या चाळींत ज्यांनीं चार पावसाळे काढले असतील, त्यांना चाकरमानी म्हणजे कोण हें सांगावयास नको. कोंकणांतला मनुष्य पोटासाठीं मुंबईस आला, गिरणींत लागला, तरी घर म्हटलें कीं त्याला आठवे तें गांवचें. मुंबईंत त्याची असे ती केवळ खोली. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं कापडाच्या पहिल्या गिरणीची कंपनी काढली. ती गिरणी ताडदेवास उभी राहिली आणि पुढच्या अर्धशतकांत गिरण्यांच्या चिमण्या परळपर्यंत पसरल्या. या गिरण्यांतून राबणाऱ्या माणसांत रत्नागिरी जिल्ह्याचा भरणा फार मोठा होता. या माणसाला सणाची रजा गिरणीचा साहेब देई हें खरें; परंतु तो सणाला घरीं पोंचेल कीं नाहीं, हें मात्र समुद्र ठरवी.

त्या काळीं कोंकणांत रेल्वे नव्हती. सह्याद्रि आणि समुद्र यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी खाड्यांनीं जागोजागीं चिरलेली आहे. दक्षिणेकडे सडकेनें जावयाचें म्हटलें, तर खाडीमागून खाडी आडवी येणार. पण जी खाडी सडकेला अडवी, तीच आगबोटीला बंदर देई. भाऊ अजिंक्य यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या भाऊच्या धक्क्यावर वळकट्या, पेट्या आणि पोरेंबाळें घेऊन लोक दाटीवाटीनें उभे राहत. आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लें अशीं बंदरें घेत बोट खालीं जाई. बहुतेक बंदरांत ती धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यांत नांगर पडे आणि किनाऱ्यावरून पडाव येत. लाटेबरोबर पडाव वर उचलला गेला कीं नेमकी त्याच क्षणीं खालीं उडी घ्यावयाची, आणि पोर खलाशाच्या हातीं द्यावयाचें!

हा प्रवास वर्षभर चालत नसे. मृग लागला, नैर्ऋत्येचा वारा उसळला, कीं लांबच्या बंदरांची वाट बंद होई. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ अर्पण करीत, तरी समुद्र लगोलग निवळतो असें नाहीं. यामुळें चाकरमान्याच्या सणांची आपोआप वांटणी झाली. शिमगा येतो फाल्गुनांत. तेव्हां समुद्र शांत असतो. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, आणि तिच्यापुढें नारळ ठेवावयास घरचा कर्ता पुरुष हजर हवाच. तेव्हां धक्क्यावर पाय ठेवावयास जागा नसे. गणपति मात्र येतो भाद्रपदांत, वाट बेभरंवशाची असतांना. ज्याला जाणें भागच असे तो पुण्यामिरजेवरून आगगाडीनें कोल्हापूर गांठी आणि आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे वळे. चिपळूणकडचा मनुष्य कऱ्हाडावरून कुंभार्ली घाटानें उतरे. यांत खर्चही वाढे आणि खाडेही वाढत.

मग जे राहिले त्यांनीं काय केलें? गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ सालीं सार्वजनिक गणपति बसला. चिंचपोकळीचा १९२० सालीं, लालबागच्या बाजारांतला १९३४ सालीं. या उत्सवांचीं कारणें निरनिराळीं आहेत. समुद्र बंद होता म्हणून ते निघाले असें मी म्हणणार नाहीं. परंतु ज्याला घरचा गणपति अंतरला, त्यानें चाळीच्या चौकांत जाखडीचा फेर धरून कोंकणच तेथें उभें केलें, एवढें निश्चित.

चार महिने वाट बंद, याची चाकरमान्याला चुटपुट लागे. पण त्या बंदीची किंमत दोन तारखा सांगतात. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं, पावसाळा सरला असतां, अवचित वादळांत ‘तुकाराम’ आणि ‘जयंती’ या दोन बोटी एकाच दिवशीं बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. ‘रामदास’ बोट रेवसला निघाली. रेवस म्हणजे लांबचें बंदर नव्हे, खाडीपलीकडचें. तेवढ्यासाठीं भर पावसांतही फेरी चाले. मुंबईपासून कांहीं मैलांवर बोट उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. वाट जवळची म्हणून समुद्र आपलें पंचांग बदलीत नाहीं.

पुढें आगबोटी थांबल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्याही एकामागून एक थंडावल्या. २६ जानेवारी १९९८ रोजीं रोह्यापासून मंगळूरपर्यंतची कोंकण रेल्वे सुरू झाली, आणि ज्या भाद्रपदांत आजोबा खोलींत अडकून पडत, त्याच भाद्रपदांत नातू गाडीनें गांवीं जाऊं लागला. तरी पावसाळ्यांत या रेल्वेचें वेळापत्रक निराळें असतें, आणि गाड्यांचा वेग कमी केलेला असतो. कारण डोंगराची दरड समुद्राच्या लाटेइतकीच अवचित येते. गाडी रेंगाळली, आरतीची वेळ टळली, म्हणून आपण चडफडतों. तेव्हां क्षणभर ‘रामदास’ आठवावी. गणपति घरीं बसलेलाच असतो. आपण सुखरूप पोंचलों, म्हणजे सण साजरा झाला.