शेवटच्या खेपेचे चौघे

स्पेस शटल म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा आठवतात त्या कल्पना चावला. साहजिकच आहे. मला मात्र त्यासोबत हटकून आठवतं ते शटलचं १३५ वं, म्हणजे अगदी शेवटचं उड्डाण. ८ जुलै २०११, केनेडी स्पेस सेंटर, यान अटलांटिस.

या खेपेला चौघेच होते. ख्रिस फर्ग्युसन, डग हर्ली, सँड्रा मॅग्नस आणि रेक्स वॉलहाइम. एरवी सहा-सातजण जायचे, मग आताच कमी का? २००३ मध्ये कोलंबिया कोसळल्यावर नासाने एक शहाणपण केलं होतं. एक शटल वर गेलं की गरज पडल्यास सुटकेला जाईल असं दुसरं खाली तयारीत ठेवायचं. पण आता डिस्कव्हरी आणि एंडेव्हर निवृत्त झाले होते. अटलांटिसच्या मागे कुणीच नव्हतं. काही बिघडलंच तर चौघांनी अंतराळ स्थानकावर थांबायचं आणि रशियाच्या सोयुझमधून एकेक करत परतायचं. त्यासाठी त्यांच्या मापाची आसनंही बनवून घेतली होती!

त्या उड्डाणाचा व्हिडिओ मी कितीतरी वेळा पाहिलाय. ३१ सेकंद उरले असताना उलटी गणती थांबते. टाकीच्या टोकावरून बाजूला होणारा यांत्रिक हात पुरता मागे गेलाय की नाही, याची खात्री पटत नव्हती. कॅमेरा वळवून पाहिलं, हात जागेवर होता, मगच गणती पुढे सरकली. दोन-अडीच मिनिटांचा खोळंबा.

आता गंमत बघा... यान परतलं की आपली नोकरी जाणार, हे तिथल्या हजारो लोकांना ठाऊक होतं. तरी कुणी "जाऊ दे, शेवटचंच आहे" म्हटलं नाही. २१ जुलैच्या पहाटे अटलांटिस सुखरूप उतरलं. मग खरोखरच त्यांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्याला यान आठवतं, ती माणसं नाही.

जाताना चौघांनी स्थानकावर एक छोटा अमेरिकन झेंडा ठेवला होता. १९८१ च्या पहिल्या शटलमधून जाऊन आलेला. अमेरिकेच्या भूमीवरून पुढे जे कुणी येतील त्यांनी तो परत न्यायचा, असं ठरलं. त्याला नऊ वर्षं लागली. २०२० मध्ये क्रू ड्रॅगनमधून दोघे गेले आणि झेंडा घेऊन आले. त्यातला एक होता डग हर्ली.