सागातली वाट

मार्गशीर्षातली रात्र. नवापूरकडच्या एका पाड्यावर डोंगऱ्यादेवाचा उत्सव चाललाय. तुम्ही घोंगडी पांघरून शेकोटीपाशी बसला आहात. पावरीवाला एकच सुरावट पुन्हा पुन्हा वाजवतोय. भोपळ्यातून निघणारा तो घोगरा आवाज आणि त्याच्याभोवती गोल धरून नाचणारी माणसं. आधी वाटतं, आता सूर बदलेल, मग बदलेल. नंतर तुम्ही वाट पाहणंच सोडून देता. डोळे मिटतात.

उघडता तेव्हा थंडी गेलेली असते. १९०८ साल. अल्जीरियातल्या एका गल्लीत बासरीवाला बसलाय आणि त्याचंही तेच चाललंय: इवलीशी सुरावट, संपली की पुन्हा तीच. तुमच्या शेजारी चष्मा घातलेला एक किरकोळ बांध्याचा इंग्रज उभा आहे. वय तेहतीस. दम्यासाठी डॉक्टरांनी त्याला उष्ण हवेत धाडलंय. हा संगीतकार गुस्ताव होल्स्ट. उजव्या हाताच्या नसा दुखतात म्हणून पियानो सुटला, पोटासाठी ट्रॉम्बोन वाजवून झाला, आता लंडनच्या हॅमरस्मिथ भागात मुलींच्या शाळेत संगीत शिकवतो.

तो ऐकतोय, आणि तुम्हाला हे ऐकणं ओळखीचं वाटतं. पुढे ‘बेनी मोरा’ या रचनेच्या शेवटच्या भागात तो अशीच एक सुरावट १६३ वेळा वाजवून घेणार आहे.

गल्ली विरते. आता काही वर्षं मागे: टेबलावर दिवा आणि संस्कृतचा कोश. ऋग्वेदातल्या सूक्तांची इंग्रजी भाषांतरं त्याला गाण्याजोगी वाटेनात, म्हणून हा माणूस डॉ. मेबेल बोड यांच्याकडे देवनागरी गिरवायला बसला. शब्द शोधून, अडखळत, स्वतःच ओळी रचल्या. भारतात तो कधीच आला नाही. आपल्या रागांची नक्कलही त्याने केली नाही, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. आधीची ‘सीता’ ही मोठी संगीतिका त्याने वाग्नरच्या छायेत वर्षानुवर्षं लिहिली होती. नंतरची ‘सावित्री’ जेमतेम अर्ध्या तासाची. इथे त्याला स्वतःचा आवाज सापडला.

५ डिसेंबर १९१६. महायुद्ध चालू आहे. लंडनच्या सेंट जॉन्स वुडमधल्या वेलिंग्टन हॉलमध्ये तुम्ही ‘सावित्री’ पाहायला मागच्या रांगेत बसता. एकही वाद्य वाजत नाही. कुठून तरी, न दिसणाऱ्या यमाचा आवाज येतो. मग सावित्रीचा. दोघांचे सूर एकमेकांना भिडतात, पण एकमेकांत मिसळत नाहीत. वटपौर्णिमेला आईबरोबर वडाला सूत गुंडाळलेलं तुम्हाला आठवतं; कथा तर पाठच आहे. तरी अंगावर काटा येतो.

सत्यवान कोसळतो. वाद्यं बाराच, आणि नजरेआड बायकांचा शब्दांविना कोरस. इथला यम एकच वर देतो, सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग म्हणतो. आपल्या सावित्रीने शंभर पुत्र मागून यमाला पेचात पकडलं होतं. ही आयुष्य मागते, भरभरून जगण्याचं. यम देतो. आणि सत्यवानाशिवाय ते आयुष्य पुरं होत नाही, हे त्याला मागून कळतं.

अंधारात तुम्ही स्वरलिपीच्या पहिल्या पानावर वाकून पाहता. होल्स्टने सूचना लिहून ठेवली आहे: हा खेळ उघड्यावर व्हावा, नाहीतर लहानशा जागेत. पडद्याची गरज नाही. वादक दिसू नयेत. उघड्यावर असेल, तर मधोमध रानातून जाणारी एक लांब वाट असावी.

घोंगडी खांद्यावरून घसरते. शेकोटी विझत आलीय. पाड्यामागे सागाच्या झाडांतून एक वाट डोंगराकडे गेलेली दिसते आणि पावरीवाला अजून तीच सुरावट वाजवतोय.